गुण दोर धरणाऱ्याला

अलिबागचा किनारा. ओहोटी लागली की इथून कुलाबा किल्ल्याकडे घोडागाड्या निघतात. पर्यटक यायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात ही मुलगी वडिलांची घोडी घेऊन ओल्या पुळणीवर उतरली आहे. गाडी जुंपलेली नाही, पाठीवर खोगीर नाही. नुसती म्होरकी आणि दोर.

ती शिकते आहे त्या प्रकाराला शोमनशिप म्हणतात. अमेरिकेतल्या घोड्यांच्या प्रदर्शनांत या वर्गाची स्पर्धा असते. आपल्याकडे घोडा पारखायचा म्हटलं की सारंगखेड्याचा बाजार आठवतो. तिथे उंची बघतात, चाल बघतात, अंगावरचे भोवरेसुद्धा बघतात. शोमनशिपमध्ये घोड्याच्या बांध्याला गुणच नाहीत. गुण दोर धरणाऱ्याला. घोडा किती नीट ठेवलाय आणि किती नेमका दाखवलाय, एवढंच परीक्षक बघतो. टांगेवाल्याच्या लेकीला याहून सोयीची स्पर्धा कुठली!

तयारी सुरू होते खराऱ्यापासून. मानेपासून मागे, गोल गोल. अंगावर सुकलेलं मीठ, रेती, गळालेले केस सगळं वर येतं, मग ब्रशने झटकायचं. तोंडावर आणि गुडघ्याखाली खरारा चालवायचा नाही. तिथे कातडीखाली लगेच हाड, म्हणून मऊ ब्रश.

आता खूर. पाय उचलून टाचेकडून पुढे कोरायचं. तळव्यावर मधोमध तो त्रिकोणी भाग दिसतोय ना, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत घाण अडकते. कोकणातल्या पावसाळ्यात तबेला ओला राहिला की याच खाचा सडतात. काळा पाझर येतो आणि असा कुजका वास सुटतो की डोळे मिटूनही कळावं. वरून तेल लावून खूर चकचकीत केला म्हणून आतलं दुखणं बरं होत नाही.

समुद्रावरून आलं की विहिरीच्या पाण्याने आंघोळ. म्होरकीचं चामडंही पुसायचं, नाहीतर बुरशी धरते.

मैदानात आखून दिलेला क्रम असतो. चालवा, दुडक्या चालीने पळवा, थांबवा, मागे सरकवा, वळवा. प्रत्येक हालचालीला अधिक ३ पासून उणे ३ पर्यंत गुण. उजवीकडे वळताना घोड्याचा मागचा उजवा पाय जागेवर राहिला पाहिजे, बाकीचे तीन त्याच्याभोवती फिरले पाहिजेत. आणि इथे ओली वाळू कामाला येते. हे ठसे बघा. तिघांचा फेरा गोल उमटलाय, पण मागच्या उजव्या पायाचे दोन ठसे शेजारी शेजारी पडलेत. म्हणजे पाय सरकला. पुन्हा.

नंतर घोडी चारही पायांवर चौरस उभी करायची. तीही दोराच्या इशाऱ्यावर, हाताने पाय हलवायचा नाही.

खरी परीक्षा त्याच्या पुढे आहे. परीक्षक घोड्याभोवती फिरतो, तेव्हा आपण कुठे उभं राहायचं? घोड्याच्या मधोमध एक आडवी रेघ आहे असं समजा. परीक्षक रेघेच्या पुढे असला, तर आपण घोड्याच्या विरुद्ध बाजूला; म्हणजे त्याला घोड्याचा पुढचा भाग अडथळ्याविना दिसतो. तो रेघेच्या मागे गेला, की आपण त्याच्याच बाजूला. कारण साधं आहे. घोडा बिथरला आणि डोकं आपल्याकडे ओढलं, की त्याचा मागचा भाग पलीकडे फिरतो. लाथ बसायचीच असेल तर ती परीक्षकापासून लांब.

आज परीक्षक आहेत बाबा. हात पाठीमागे बांधून ते घोडीभोवती फेरी मारतायत, मध्येच उलटे फिरतायत. मुलगी वेळेवर बाजू बदलते, पण नजर सारखी घोडीच्या कानांवर. लहानपणापासून गाडीवर बसून हीच सवय लागलेली. कान मागे गेले की जनावर बिनसलं, हे तिला बाबांनीच शिकवलंय.

“कानांकडं काय बघतेस?” बाबा शेपटीच्या बाजूने ओरडतात. “मी इथं आहे!”