गादी गेलेल्या गुडघ्यात टेंडनचा ग्राफ्ट

दुर्बिणीतून दिसतोय गुडघ्याचा आतला भाग. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. मधल्या फटीत कडेने मेनिस्कसची चंद्रकोरी गादी असायला हवी. इथे नुसती किनार उरलीय. गादी काढली की सांध्याची ठेवण बिघडत जाते, हे डॉ. फेअरबँक यांनी 1948 सालीच एक्स-रेवर दाखवलं. म्हणून शिवता येईल ती गादी शिवायचीच. दात्याची गादी 1984 पासून बसवली जाते, पण ती मापाची मिळावी लागते. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, रुग्णाच्याच मांडीत तयार असतो. तोच काढून गादीच्या जागी ग्राफ्ट म्हणून बसवायचाय.

नडगीच्या आतल्या बाजूला तीन सेंटिमीटरचा छेद. चिमट्यात धरलाय तो सेमिटेन्डिनोसस, मांडीच्या मागच्या स्नायूचा टेंडन. त्याचे पोटरीकडे जाणारे पट्टे आधी कापायचे, मगच स्ट्रिपर, म्हणजे टेंडन सोडवून काढायचं हत्यार, वर सरकवायचा. एक पट्टा जरी राहिला, तरी स्ट्रिपर वाट सोडतो आणि टेंडन अर्ध्यातच तुटतो.

टेबलावर त्याला चिकटलेलं मांस खरवडून काढलं जातं. लांबी साधारण 25 ते 30 सेंटिमीटर. दुमडला की जाडी 6-7 मिलिमीटर. टोकांना न विरघळणाऱ्या धाग्याची वीण. वापरेपर्यंत तो व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकने ओल्या केलेल्या गॉजमध्ये ठेवायचा, सुकू द्यायचा नाही.

तोवर आत शेव्हर, म्हणजे फिरत्या पात्याचं हत्यार, गादीची उरलेली किनार साफ करतोय, रक्त दिसेपर्यंत. एक-दोन मिलिमीटर किनार राखायचीच. टाक्यांना आधार तिचा, ग्राफ्टला रक्तपुरवठाही तिच्याच बाजूने.

आता खरी कसोटी: मागचं मूळ, म्हणजे गादीचं मागचं टोक हाडाला जिथे जुळतं ती जागा. वजन पडलं की गादी बाहेर सरकू पाहते. दोन्ही टोकं हाडात रोवलेली असतात म्हणूनच ती जागेवर राहते. टेंडनचे तंतू लांबीच्या दिशेने जातात, हा ताण पेलायला ते सोयीचे. पण टोक रोवायला हाडात पाडायचा बोगदा काही मिलिमीटर चुकला तरी ग्राफ्ट सांध्याबाहेर ढकलला जातो. बोगद्याची दिशा धरणाऱ्या गाईडचं टोक बघा, नेमकं मुळाच्या ठशावर टेकलंय. धाग्यामागून ग्राफ्ट आत येतो, बोगद्यात शिरतो.

मग किनारीला उभे टाके. मागच्या टाक्यांच्या वेळी गुडघ्यामागची धमनी जवळ असते, म्हणून बाहेर येणारी सुई रिट्रॅक्टरवरच, म्हणजे मांस बाजूला धरणाऱ्या हत्यारावरच, झेलायची. गुडघा अनेकदा वाकवून-सरळ करून पाहिल्यावर ग्राफ्टचं पुढचं टोक हाडावर टेकवलेल्या छोट्या बटणावर बांधतात.

टेंडनची गादी करण्याच्या माणसांवरच्या सुरुवातीच्या प्रयत्नांत निकाल निराशाजनक होते. आजही काही ग्राफ्ट आक्रसतात, काही बाहेर सरकतात.

साधारण सहा आठवडे कुबड्या, वाकवणं 90 अंशांपर्यंतच. उकिडवं बसणं त्यानंतरही काही महिने बंद. पाय वाकडा असेल किंवा एसीएल (गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट) तुटलेलं असेल, तर ते आधी किंवा याच शस्त्रक्रियेत दुरुस्त करावं लागतं.