रवणावरची कोंबडी आणि थर्मोकोलची पेटी

(दृश्य: पहाट. खुराड्याच्या कोपऱ्यात, टोपलीत पिसं फुलवून बसलेली गावरान कोंबडी.)

हात जवळ नेला की ही अंग फुगवते, गुरगुरते, चोचही मारते; पण जागची हलत नाही. पोटाखाली बोटं घातली तर उघडी, गरम कातडी लागते. तिथली पिसं गळून गेली आहेत. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली.

तरी लगेच रवण, म्हणजे उबवायची अंडी, घालू नये. दोन रात्री एक-दोन खुणेच्या अंड्यांवर बसू द्यावी. टिकली, तर तिसऱ्या रात्री अंधारात अंडी सरकवावीत. लहान चणीच्या गावरान कोंबडीला दहा ते बारा पुरे. जास्त घातली की कडेची उघडी पडतात. कोंबडी अंडी सारखी हलवत असते, त्यामुळे आज कडेला असलेलं उद्या मध्ये जातं आणि एकेक करून सगळ्याच अंड्यांना गारवा लागतो.

दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठते. मका, ज्वारी, पाणी आणि लोळायला कोरडी राख तेवढ्यात जवळ हवी. रवण अर्ध्यावर सोडून कोंबडी उठली, तर आधी टोपली पाहावी. रात्री अंगावर चढणाऱ्या बारीक लाल किड्यांनी ती बऱ्याचदा बेजार झालेली असते.

(दृश्य: थर्मोकोलची पेटी, आत जाळी, पाण्याची ताटली, छोटा पंखा.)

कोंबडी खुडूक होण्याची वाट पाहायची नसेल, तर अंडी उबवायची ही पेटी. चाळीस वॉटचे दोन बल्ब लावावेत, म्हणजे रात्री एक गेला तरी दुसरा थोडीफार धग धरतो. बल्बपुढे पत्र्याचा आडोसा, हवा फिरवायला कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा, आणि थर्मोस्टॅटचं (ठरल्या तापमानाला बल्ब आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्राचं) सेन्सर अंड्यांच्या उंचीवर. ते बल्बजवळ लोंबत राहिलं, तर आकडा बरोबर दिसतो आणि अंडी गार राहतात. पंख्याच्या पेटीत तापमान ३७.५ अंश सेल्सियस ठेवावं. ताप मोजायचा थर्मामीटर शेजारी ठेवून आकडा एकदा पडताळावा. अंडी भरण्याआधी पेटी पूर्ण एक दिवस रिकामी चालवावी.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. निमुळतं टोक खाली करून ठेवलेली असावीत. एप्रिलमध्ये नाशिकच्या पत्र्याच्या खोलीत ती ठेवूच नयेत. त्या उकाड्यात गर्भ पेटीत जाण्याआधीच अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात, फडक्याखाली ठेवावीत.

खरी गोम पेटीतल्या हवेच्या ओलाव्याची आहे. पहिले अठरा दिवस ४५ ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५ टक्के, हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण उन्हाळ्यात सिन्नरकडची हवा कोरडीठाक, आणि श्रावणात इगतपुरी-त्र्यंबकला भिंतीसुद्धा ओल्या. एकच ताटली दोन्हीकडे कशी चालेल? ओलावा वाढतो तो पाण्याच्या खोलीने नाही, पसरटपणाने. म्हणून उन्हाळ्यात पसरट ताटली, पावसाळ्यात छोटी वाटी. झड लागली तर पहिले अठरा दिवस वाटीसुद्धा काढावी लागते.

(दृश्य: अंधारी खोली. अंड्याच्या रुंद टोकाला टेकवलेली टॉर्च.)

ओलावा मोजायच्या मीटरपेक्षा अंडंच खरं सांगतं. सातव्या दिवशी लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसला, तर अंडं जिवंत. नुसतं रक्ताचं कडं दिसलं, तर गर्भ मेलेला. ते अंडं काढून टाकावं. रुंद टोकाकडची हवेची पोकळी पेन्सिलीने आखून ठेवावी. अठरा दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. पोकळी फारशी वाढली नाही, तर ओलावा जास्त होतोय आणि पिल्लू कवचातच गुदमरेल. फार वाढली, तर आतला पातळ पापुद्रा पिल्लाला घट्ट चिकटेल.

अंडी रोज तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. विषम आकडा यासाठी, की लांबलचक रात्र रोज एकाच कुशीवर जाऊ नये. अठराव्या दिवशी फिरवणं बंद. वीज गेली तर झाकण उघडू नये, पेटीवर गोधडी टाकावी, फक्त हवेची भोकं मोकळी ठेवावीत. डिसेंबरात निफाडकडच्या गारठ्यात हे लवकर करावं लागतं.

एकविसाव्या दिवशी कवचाला टवका पडतो. मग पिल्लू कित्येक तास गप्प असतं, आणि इथेच माणसाचा हात शिवशिवतो. कवच सोलू नये. आत अजून शिरांत रक्त असतं, बलक पोटात ओढला जात असतो. झाकण उघडलं की ओलावा निघून जातो आणि बाकीची पिल्लं अडकतात. निघालेलं पिल्लू दाण्या-पाण्यावाचून एक दिवस आरामात राहतं. तिथेच वाळू द्यावं.

(दृश्य: रात्र. कोंबडीच्या पंखाखाली शिरणारे हात.)

कोंबडी आणि पेटी एकाच दिवशी बसवली असेल, तर पेटीतली पिल्लंही अंधारात तिच्या पंखाखाली सरकवता येतात. एकेक करून, मागच्या बाजूने. कोंबडी कूक-कूक करते, पंख जरा उचलते, आणि पिल्लू आत जातं.