साओ पावलोला जाण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

ब्राझील म्हटले की रिओचा समुद्रकिनारा डोळ्यांसमोर येतो. आज मात्र मी त्या देशातल्या सर्वांत मोठ्या शहराविषयी, म्हणजे साओ पावलोविषयी बोलणार आहे. एक कोटीहून अधिक वस्ती असलेल्या या शहराची धास्ती घेऊन अनेकजण हॉटेल आणि टॅक्सी यांपलीकडे काही पाहत नाहीत, याचे मला वाईट वाटते. कारण थोडी तयारी करून गेले, तर हे शहर मेट्रोने आणि पायी फिरण्यासारखे आहे.

व्हिसाच्या बरोबरीने पहिली काळजी घ्यायची ती पीतज्वराच्या लशीची. ती प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी अधिकृत केंद्रातच टोचून घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे, कारण त्याची खरी गरज परतताना पडते. ते जवळ नसेल, तर ब्राझीलहून भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. साओ पावलोत घरगुती वीज साधारणपणे 127 व्होल्टची असते, त्यामुळे इथून नेलेली किटली तिथे नीट तापत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 760 मीटर उंचीवर असून जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा आहे. तेव्हा स्वेटर आणि छत्री सोबत असू द्यावी.

भाषा पोर्तुगीज, आणि इंग्रजी जाणणारी माणसे रस्त्यावर कमीच भेटतात. तरीही मराठी माणूस तिथे अगदी रिकाम्या हाताने उतरत नाही. बटाट्याला तिथे बटाटाच म्हणतात, आणि आपला पाव, साबण, चावी, बालदी हे शब्दही त्याच भाषेतून आपल्याकडे आले आहेत. ज्या काजूच्या बोंडांची फेणी गोव्यात गाळतात, तो काजू मूळचा ब्राझीलचा. तिथे त्या बोंडांचा रस साध्या उपाहारगृहातही मिळतो, तो जरूर प्यावा.

शाकाहारी श्रोत्यांनी किलोच्या भावाने जेवण देणारी उपाहारगृहे शोधावीत. दारावरच्या पाटीवर ‘पोर किलो’ असे लिहिलेले असते. आपण भात, भाज्या, कोशिंबिरी हव्या तेवढ्या वाढून घ्यायच्या, ताट काट्यावर ठेवायचे आणि वजनाची नोंद झालेली चिठ्ठी बाहेर पडेपर्यंत जपून ठेवायची, कारण पैसे तिच्यावरूनच घेतले जातात. इथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. ‘सें कार्नी’ म्हणजे ‘मांसाशिवाय’ असे सांगितले, तरी ‘कार्नी’ या शब्दाने तिथल्या माणसाला बहुधा गोमांसच अभिप्रेत असते, त्यामुळे कोंबडी किंवा हॅम पानात येऊ शकते; ती नावे वेगळी घेऊन नको म्हणावे लागते. काळ्या घेवड्याची उसळ दिसायला आपल्यासारखी वाटली, तरी तिच्यात पुष्कळदा डुकराचे मांस असते, म्हणून विचारल्याशिवाय ती वाढून घेऊ नये.

रविवार शक्य तो आवेनिदा पाउलिस्तासाठी राखून ठेवावा. एरवी मोटारींनी भरलेला हा रस्ता त्या दिवशी वाहनांना बंद असतो आणि सारे शहर तिथे चालायला, सायकल फिरवायला, गाणे ऐकायला लोटते. तिथेच मास्प हे कलासंग्रहालय आहे. लिना बो बार्डी या वास्तुविशारद बाईंनी रचलेली ही इमारत 1968 साली खुली झाली. तिच्या पोटाखाली 74 मीटर रुंदीची मोकळी जागा आहे आणि मधे एकही खांब नाही. आत चित्रे भिंतींवर न टांगता काचेच्या उभ्या तावदानांवर लावलेली आहेत, त्यामुळे चित्राच्या पाठीमागची बाजूही पाहता येते. या गर्दीत फोन मात्र हातात मिरवू नये. सायकलवरून येऊन फोन हिसकावण्याचे प्रकार तिथे घडतात, तेव्हा रस्ता पाहायचा असेल तर एखाद्या दुकानात शिरून पाहावा. अंधार पडल्यावर से आणि रेपुब्लिका या जुन्या भागांत पायी जाणे टाळावे.

शेवटी, सकाळी निवासाजवळचा आठवडी बाजार कुठे भरतो ते विचारून घ्यावे. अशा बाजारात एका गाडीवर मैद्याची चौकोनी, आत चीज भरलेली ‘पास्तेल’ कढईतून काढून गरमागरम हातात ठेवतात, आणि शेजारीच चरकातून उसाचा रस निघत असतो, लिंबू पिळून. दुपारी बाजार उठतो, म्हणून तिथे न्याहारीच्या वेळीच पोहोचावे. नमस्कार.