सा हरवलेल्या गाण्यातली आशा

नमस्कार श्रोतेहो.

आशा म्हटलं की आपल्या तोंडी पुढे आपोआप भोसले येतं, आणि त्यात गैर काहीच नाही. पण मुंबईतच जन्मलेली आणखी एक आशा आहे. तिकडे न्यूयॉर्क-लंडनमधले रेकॉर्डवेडे तिच्या जुन्या तबकड्या शोधत फिरतात, आणि इथे नाव घेतलं तर लोक विचारतात, कोण? आशा पुथली. जॅझ गाणाऱ्या.

लहानपणी हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची तालीम, जोडीला ऑपेराचे धडे, आणि कान मात्र रेडिओवरच्या जॅझकडे. साठच्या दशकात मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ जोरात होता, वाजवणारे बरेचसे गोव्याचे. अशा बँडबरोबर त्या गाऊ लागल्या. वेद मेहतांनी भारतावरच्या आपल्या पुस्तकात त्यांच्यावर लिहिलं. पुढे हवाई सुंदरीची नोकरी, मग मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यशाळेची शिष्यवृत्ती, असं करत बाई न्यूयॉर्कला पोहोचल्या. तिथे गाठ पडली जॉन हॅमंड यांच्याशी. बिली हॉलिडे, अरेथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांना हेरणारा हा माणूस. त्यांनी आशाबाईंना ऑर्नेट कोलमनकडे धाडलं, जॅझच्या ठरलेल्या चौकटी मोडणाऱ्या सॅक्सोफोनवादकाकडे.

इथे जरा थांबू या, कारण माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे.

साल १९७१. कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमचं ध्वनिमुद्रण. आपल्या गवयाला तानपुरा लागतो, तसा जॅझ गाणाऱ्याला पाठीशी पियानो लागतो. स्वर कुठे टेकवायचा ते तो सांगत असतो. कोलमन यांनी पियानो केव्हाच काढून टाकलेला. ‘व्हॉट रीझन कुड आय गिव्ह’ या गाण्यात खाली एड ब्लॅकवेल आणि बिली हिगिन्स असे दोघे दोन ड्रमसेटवर उसळताहेत, चार्ली हेडनचा बास आपल्या वाटेनं चाललाय, वर ट्रंपेट आणि सॅक्सोफोन लांबच लांब स्वर धरून आहेत, आणि त्यांच्या बरोबरीनं आशाबाईंचा आवाज. मोजायला ठेका नाही, टेकायला ठरलेला सा नाही. ज्या मुलीला पहिल्या दिवसापासून सा लावायला शिकवलं, तिनं सा नसलेल्या घरात शिरायचं! आणि त्या डगमगत नाहीत. स्वर न ढळू देता लांबवायचा, मग अलगद पुढच्या स्वरावर उतरायचं, ही तालमीतली सवय तिथे कामी आली असावी. याच अल्बममधलं ‘ऑल माय लाइफ’ही ऐका. दोनच गाणी, पण कोलमन यांच्या संगीतात माणसाचा गळा इतका चपखल बसलेला मला तरी दुसरीकडे सापडला नाही.

यानंतर कुणीही जॅझची गादी धरून बसलं असतं. बाई उठल्या आणि लंडनला गेल्या. १९७३ साली सीबीएस या रेकॉर्ड कंपनीसाठी निर्माते डेल न्यूमन यांच्याबरोबर स्वतःचा पहिला अल्बम केला, त्यात रॉक, सोल, सगळंच. मधेच मर्चंट-आयव्हरींच्या एका चित्रपटात कामही केलं. १९७६ साली जर्मनीत निर्माते डीटर त्सिमरमान यांच्याबरोबर ‘द डेव्हिल इज लूज’ हा अल्बम झाला. त्यातलं ‘स्पेस टॉक’ म्हणजे डिस्को, पण कुजबुजता, तरंगता. डेव्हिड मॅन्कुसो हे डीजे न्यूयॉर्कच्या ‘लॉफ्ट’ या आपल्या नाचाच्या पार्ट्यांत ते वाजवायचे आणि लोक नाचायचे. १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या अल्बममध्ये याच गाण्याचा तुकडा उचलला गेला. त्या रॅपवर मान डोलावणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की मागचं गाणं मुंबईच्या बाईंचं आहे?

जॅझवाल्यांनी नाकं मुरडली असतील, डिस्कोवाल्यांना कोलमन झेपला नसेल. रेकॉर्डच्या दुकानात बाईंना कुठल्या खणात ठेवायचं, हा प्रश्न कंपन्यांना कधी सुटलाच नाही. धरसोड म्हणावं, तर ती त्या खणांची अडचण. शुद्धतेची काळजी करणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत म्हणा.

२००६ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्या गायल्या, तेव्हा ‘सायन्स फिक्शन’मधले सॅक्सोफोनवादक ड्यूई रेडमन साथीला होते. आणि २०२४ मध्ये, वयाची पंचाहत्तरी केव्हाच ओलांडल्यावर, बाई ग्लास्टनबरीच्या महोत्सवात गायल्या.

आता तेच १९७१ चं गाणं लावतोय. ठेका शोधत बसू नका, सापडणार नाही. पहिल्यांदा गोंधळ वाटला तर फक्त आशाबाईंचा आवाज धरा आणि त्याच्या मागोमाग चला.