दुकानाच्या वेबसाइटवर भरलेला फॉर्म जातो कुठे?

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ छोट्या दुकानदारांसाठी आहे. तीन-चार माणसांवर धंदा चालतो, वेबसाइट ओळखीतल्या कुणाकडून तरी बनवून घेतलीय, अशा सगळ्यांसाठी. आपल्या इंदूरमध्ये असे पुष्कळ जण आहेत. कुणी महेश्वरी साड्या विकतं, कुणाचे गाण्याचे क्लास आहेत, कुणी घरी फराळ करून देशभर पाठवतं.

यांतल्या बऱ्याच साइटांवर अगदी तळाला 'प्रायव्हसी पॉलिसी' असते आणि ती कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या साइटवरून जशीच्या तशी उचललेली असते. तिच्यात एक ठरलेलं वाक्य असतं, 'आम्ही तुमची माहिती कोणालाही देत नाही'. ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या दुकानाच्या बाबतीत हे वाक्य खरं असूच शकत नाही. निदान कुरिअरवाल्याला तरी नाव, पत्ता आणि फोन द्यावाच लागतो! लिहिणाऱ्याला फसवायचं नसतं, पण माहिती कुठून कुठे जाते हे कुणी बघितलेलंच नसतं. म्हणून माझा आग्रह एवढाच, की आधी त्या माहितीच्या मागे मागे जा आणि मग पॉलिसी लिहायला बसा. चला, आज एका ऑर्डरच्या मागे जाऊ.

उदाहरण मी रचलेलं आहे. रामबागेतल्या एक काकू घरगुती फराळ करतात. दिवाळीच्या आधी बंगळुरूला नोकरी करणारी इंदूरची एक मुलगी त्यांच्या साइटवर येते. तिला लवंगी शेव, चकली आणि अनारसे हवे आहेत.

[स्क्रीनवर: सर्व्हर लॉगमधली एक ओळ, आयपीचे आकडे झाकलेले]

तिने अजून काही मागवलेलं नाही, नाव सांगितलेलं नाही, नुसतं पान उघडलंय. तेवढ्यात सर्व्हरवर, म्हणजे साइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते तिथे, ही ओळ लिहिली गेली. हा तिचा आयपी ॲड्रेस, म्हणजे तिच्या इंटरनेट जोडणीचा नंबर, ही तारीख आणि वेळ, हे तिने उघडलेलं पान, ती कोणत्या साइटवरून आली ते आणि शेवटी तिच्या फोनचा नि ब्राउझरचा प्रकार. होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, कोणाचंही असो, अशी नोंद जवळपास सगळीकडे होते आणि ती व्हायलाही हवी, कारण साइटवर हल्ला झाला तर शोध याच ओळींवरून लागतो. फक्त आपल्याकडे ही माहिती आहे हे मालकाला ठाऊक हवं.

मग येते कुकी, म्हणजे साइटने तिच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली एक छोटी खूण. खजराण्याच्या देवळाबाहेर चप्पल स्टँडवर टोकन मिळतं ना, तसंच हे. त्या टोकनावर तुमचं नाव नसतं, पण ते दाखवलं की कोणती चप्पल तुमची ते कळतं. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या लू मॉन्टुली यांनी कुकी बनवली, ती वेबसाइटला येणारा माणूस लक्षात राहावा म्हणूनच. चकली कार्टमध्ये टाकली आणि पान बदललं तरी ती तिथेच राहते, ही कुकीची कृपा. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्यांच्या कोडबद्दल. साइट बनवताना कुणीतरी सुचवतं, 'फेसबुकचा पिक्सेल टाकून ठेवू, पुढे जाहिरातीला कामाला येईल'. पिक्सेल म्हणजे साइटवर कोण आलं, काय बघितलं हे फेसबुकला कळवणारा कोडचा छोटा तुकडा. पुढे काकू जाहिरात करतच नाहीत, पिक्सेल मात्र तिथेच राहतो आणि साइटवर येणाऱ्या प्रत्येक माणसाची खबर फेसबुकच्या कंपनीला देत राहतो. 'संपर्क' पानावरच्या गुगलच्या नकाशाचंही असंच आहे. पान उघडलं की गिऱ्हाइकाचा ब्राउझर थेट गुगलच्या सर्व्हरशी बोलतो. अक्षरांचा फॉन्ट गुगलवरून आणत असाल तरी तेच. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने एका वेबसाइटच्या मालकाला याच कारणासाठी शंभर युरो भरपाई द्यायला लावली. संमती न घेता गुगल फॉन्टमुळे पाहुण्याचा आयपी ॲड्रेस गुगलकडे गेला, एवढाच त्याचा गुन्हा. तो कायदा युरोपचा आहे, पण यावर उपाय इतका सोपा आहे की तो इथेही करावा. फॉन्टची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, नकाशाऐवजी साधी लिंक द्या. ज्याला राजवाड्यावरून तुमच्याकडे यायचंय, तो ती लिंक दाबेल.

आता ऑर्डरचा फॉर्म. हा मी जरा निवांत दाखवणार आहे.

[स्क्रीनवर: ऑर्डरचा फॉर्म]

नाव, फोन, ईमेल, पत्ता, पिनकोड. इथपर्यंत ठीक. त्याखाली जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस आणि 'मुलं किती?' फॉर्मचा तयार साचा घेतला की हे रकाने सोबत येतात, किंवा वाढदिवसाला मेसेज पाठवता येईल म्हणून कुणीतरी हौसेने टाकतं. विचार करा, अनारसे बंगळुरूला पोचवायला जन्मतारीख कशाला हवी? आणि हीच तारीख नाव आणि फोन नंबरासोबत चुकीच्या माणसाच्या हाती पडली, तर तो बँकेचा माणूस बनून फोन करतो आणि समोरच्याला त्याचं बोलणं खरं वाटतं. जी माहिती तुम्ही घेतलीच नाही, ती तुमच्याकडून कुणी चोरू शकत नाही. हे तिन्ही रकाने आजच काढून टाका.

शेवटी एक चौकोन, 'व्हॉट्सॲपवर ऑफर पाठवा'. त्यात खूण आधीच केलेली आहे. ही संमती नव्हे. आपल्या देशाच्या कायद्यात, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपण्यासाठीच्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्टमध्ये, संमती माणसाने स्वतः आणि स्पष्ट कृतीने द्यायची आहे. दिलेली संमती मागे घेणंही तितकंच सोपं हवं. त्यामुळे चौकोन रिकामा ठेवा, ज्याला हवं तो खूण करील.

मुलीने फॉर्म भरून बटण दाबलं. आता बघा, तिचा नंबर कुठे कुठे गेला. एक प्रत साइटच्या डेटाबेसमध्ये. एक काकूंच्या ईमेलमध्ये. तिथून भाच्याने बनवलेल्या गुगल शीटमध्ये आणि ती शीट 'लिंक असेल त्या कुणालाही दिसेल' अशी उघडी. मग पॅकिंगवाल्या मुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये स्क्रीनशॉट, जो ग्रुपमधल्या प्रत्येकीच्या फोनच्या गॅलरीत जाऊन बसतो. मग कुरिअरच्या पोर्टलवर, शिवाय पार्सलवर चिकटवलेल्या कागदावर. होस्टिंगवाला बॅकअप घेतो, तिथे आणखी एक प्रत. गेल्या वर्षी काम सोडून गेलेली मुलगी अजून त्या ग्रुपमध्ये असते, शीटची लिंकही तिच्याकडे असते.

पैशांचा भाग त्या मानाने सुरक्षित आहे. पेमेंट गेटवे, म्हणजे तुमच्या वतीने ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, वापरत असाल तर कार्ड नंबर गेटवेच्या पानावर भरला जातो, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवून ठेवता येत नाही. फोनवर कार्ड नंबर विचारून वहीत लिहून घेत असाल, तर ते ताबडतोब बंद करा.

पुढची गोष्ट मात्र तुम्ही स्वतः करून बघायची आहे. ऑर्डर झाल्यावर गिऱ्हाइकाला लिंक जाते, 'तुमची ऑर्डर इथे बघा'. त्या लिंकच्या शेवटी ऑर्डरचा नंबर असतो, समजा १०४७. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी, म्हणजे तुमचं लॉगिन चालू नसलेली खिडकी, उघडा, स्वतःच्याच एखाद्या जुन्या ऑर्डरची लिंक टाका आणि शेवटचा आकडा ७ चा ८ करा. दुसऱ्या कुणाचं नाव-पत्ता दिसला, तर तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी आज रस्त्यावर पडलेली आहे. कुठलाही हॅकर लागत नाही, आकडे मोजता येणारा कुणीही ती गोळा करू शकतो. घाईत बनवलेल्या साइटवर ही चूक नेहमी सापडते. साइट बनवणाऱ्याला लगेच फोन करा. नुसता नंबर नको, प्रत्येक ऑर्डरला लांबलचक, अंदाज न येणारा कोड हवा आणि पान उघडण्याआधी फोनवर ओटीपी गेला पाहिजे.

साइट बनवणाऱ्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, होस्टिंगचं खातं कोणाच्या ईमेलवर आहे? डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या नावावर आहे? फार ठिकाणी ते साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर असतं. तो पुढे नोकरीला लागला, शहर सोडून गेला, तरी तुमच्या गिऱ्हाइकांच्या डेटाबेसची किल्ली त्याच्याच खिशात. त्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण त्याचा पासवर्ड फुटला तर? कायदा इथे स्पष्ट आहे. तुमच्या वतीने दुसरा कुणी माहिती हाताळत असला तरी जबाबदारी तुमची. खाती स्वतःच्या ईमेलवर घ्या, पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मघाशी सांगितलेला डेटा प्रोटेक्शन कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दुकानदाराला पाळाव्या लागणाऱ्या बहुतेक तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. धंदा लहान आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा ऐकून घाबरू नका. दंड ठरवताना चूक किती गंभीर होती, किती काळ चालली, आणि नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत, हे बघितलं जातं. माहिती फुटलीच, तर ज्यांची फुटली त्यांना विनाविलंब कळवायचं आणि डेटा प्रोटेक्शन बोर्डालाही, म्हणजे या कायद्याखालच्या सरकारी मंडळालाही, लगेच कळवून ७२ तासांत सविस्तर माहिती द्यायची. त्या मुलीला ते काकूंकडून कळलं पाहिजे, ठगाच्या फोनवरून कळता कामा नये.

आणि समजा त्याच मुलीने उद्या लिहिलं, 'काकू, माझी माहिती काढून टाका'. सगळं पुसता येणार नाही. जीएसटीत नोंदणी असेल तर बिलं आणि हिशेब त्या वर्षीच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात आणि नव्या नियमांतही काही नोंदी किमान वर्षभर ठेवायला सांगितल्या आहेत. तिला तसं सरळ सांगायचं. बिलाची नोंद एका जागी ठेवायची, पण शीट, स्क्रीनशॉट, ग्रुप, ऑफरची यादी इथून तिचं नाव काढायचं. बाकीच्यांचे स्क्रीनशॉट पार्सल पोचलं की काढून टाकायचे. त्यासाठी कुणाची विनंती यायची वाट बघू नका.

एवढं सगळं बघून झालं की पॉलिसी लिहायला अर्धा तासही पुरतो. काकूंच्या साइटसाठी मी ती अशी लिहीन.

[स्क्रीनवर: मजकूर]

'ऑर्डर पोचवण्यासाठी आम्ही तुमचं नाव, फोन, ईमेल आणि पत्ता घेतो. ही माहिती आमच्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर राहते. नाव, पत्ता आणि फोन कुरिअरला दिला जातो. पैसे पेमेंट गेटवेमार्फत घेतले जातात, कार्ड नंबर आमच्याकडे येत नाही. साइट उघडल्यावर तुमचा आयपी ॲड्रेस सुरक्षेसाठी नोंदला जातो. कार्ट लक्षात ठेवण्यासाठी एक कुकी वापरली जाते. तुम्ही खूण केली असेल तरच ऑफर पाठवतो, आणि मेसेजला 'बंद' असं उत्तर दिलंत की थांबवतो. बिलं कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत ठेवतो. माहिती बघायची, दुरुस्त करायची किंवा काढून टाकायची असेल, तर या नंबरवर फोन करा.'

मराठीत लिहिलंय हे लक्षात आलं असेल. कायद्यानेही ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यायला सांगितलंय. इंदूरच्या गिऱ्हाइकासाठी हिंदीतही ठेवा. आणि ती तळाला लपवू नका, ऑर्डरच्या बटणाच्या अगदी वर तिची लिंक द्या.

मजकूर खाली डिस्क्रिप्शनमध्ये दिला आहे, खुशाल घ्या. पण आधी तुमच्या साइटवर काय चाललंय ते बघा. गुगलचा नकाशा ठेवणारच असाल तर त्याचं एक वाक्य वाढवा. ऑफर पाठवत नसाल तर ते वाक्य काढा. ऑर्डरच्या लिंकमधला आकडा बदलून काय दिसलं, ते मला कमेंटमध्ये कळवा, फक्त ती लिंक तिथे चिकटवू नका.