रूम सोडताना

नमस्कार श्रोतेहो.

जून उजाडला की पुण्यात कर्वेनगर, धनकवडी, आंबेगाव या भागांत गल्लोगल्ली छोटे टेम्पो उभे दिसू लागतात. गाद्या, टेबलफॅन, पुस्तकांची खोकी. कुणाचं कॉलेज संपलेलं असतं, कुणाला हिंजवडीला नोकरी लागलेली असते. आणि कुणी भांडून निघालेलं असतं. आज मला या शेवटच्या मुलामुलींशी बोलायचंय. रूम पार्टनरशी बिनसलंय, आता त्या घरात पाय ठेववत नाही, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्याशी.

मी भाड्याच्या घरांची ॲग्रीमेंट्स करून देतो. अंगठ्याचं मशीन आणि कॅमेरा घेऊन घरी जायचं, मालकाचे, भाडेकरूंचे, साक्षीदारांचे अंगठे घ्यायचे आणि दस्त ऑनलाइन नोंदवायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मुलं घर मांडतात तेव्हाही मी तिथे असतो आणि मोडतात तेव्हाही त्यांचा फोन मलाच येतो.

घरचे म्हणतात, ‘एवढ्याशावरून काय भांडता?’ कारण बहुतेक वेळा खरंच एवढंसंच असतं. रात्री दोनपर्यंत जळणारी ट्यूब. चालू राहिलेला गिझर. शनिवारी आलेला आणि बुधवारपर्यंत मुक्काम ठोकलेला कुणाचा तरी मित्र. एका फ्लॅटमध्ये मी गेलो, तर फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली. दुधाच्या पिशवीवरसुद्धा नाव. चौघी एकाच हॉलमध्ये बसलेल्या, पण बोलणं सगळं माझ्यामार्फत. ‘दादा, तिला विचारा, मागचं लाइट बिल कोण भरणार?’ निघताना त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, याच चौघींपैकी एकीला डेंग्यू झाला तेव्हा दुसरी रात्र-रात्र ससून हॉस्पिटलमध्ये तिच्या उशाशी बसली होती.

लातूर, जळगाव, नांदेडहून आलेल्या पोरांना रूम पार्टनर म्हणजे अर्धं घरच असतं. ते तुटल्यावर जेवण जात नाही, अभ्यासात मन लागत नाही, यात कमकुवतपणा काही नाही. आईवडील ऐकत असतील तर त्यांना हात जोडून सांगतो, ‘दुर्लक्ष कर’ एवढं म्हणून फोन ठेवू नका. नीट ऐकून घ्या.

आता कामाचं बोलू. भांडण झालं त्याच रात्री रूम सोडू नका. कुणी हात उचलला, धमकी दिली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा लगेच बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा. एरवी हवं तर चार दिवस मैत्रिणीकडे झोपायला जा. पण ‘मी रूम सोडली, माझं काही देणंघेणं नाही’ असा मेसेज ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. पुढे हाच मेसेज तुमच्यासमोर नाचवला जातो.

याचं कारण डिपॉझिट. समजा चौघांनी मिळून ६० हजार भरले, प्रत्येकाचे १५ हजार. मालकाच्या खात्यात मात्र ते एकाच्याच नावावरून गेले. वर्षभरात त्यातला एक जण गेला, त्याच्या जागी नवा आला. नव्यानं १५ हजार जुन्याला हातात दिले. मालकाला याचा पत्ताही नाही. पुण्यात बहुतेक फ्लॅट असेच चालतात, आणि जमतंय तोवर उत्तम चालतात. बिनसलं की मग त्या नव्याला कळतं, आपले पैसे मालकाकडे नाहीतच. ते ज्याला दिले तो कधीच बंगळुरूला गेला, आणि उरलेले म्हणतात, ‘रिप्लेसमेंट आण, मग पैसे घे.’ भर परीक्षेच्या दिवसांत रिप्लेसमेंट कुठून आणणार? असं अडकून, तोंड न बघता महिनोन्महिने एका घरात राहणारी पोरं मी पाहतो. माझा जीव तुटतो.

म्हणून आधी दस्त उघडून बघा. ॲग्रीमेंटवर तुमचं नाव आहे का? भाडेकरू म्हणून सगळ्यांची नावं असतील तर घरावर तुमचा हक्क इतरांइतकाच आहे. बाकीच्यांनी परस्पर कुलूप बदललं तर ते खपवून घेऊ नका. लॉक-इन, म्हणजे ज्याच्या आत घर सोडायचं नाही तो काळ, किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, डिपॉझिट परत कधी मिळणार, सगळं त्यात लिहिलेलं असतं. लॉक-इनच्या आत निघालात तर त्या महिन्यांचं भाडं मागितलं जातं, आणि ते चौघांत कसं वाटायचं हे दस्तात नसतं. ते तुम्हालाच बसून ठरवायला लागतं.

अनेकांना वाटतं, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट नोंदवायची गरज नाही. महाराष्ट्रात तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. ती जबाबदारी मालकाची. त्यानं नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं ते खोटं ठरवेपर्यंत. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन राहणाऱ्या, डिपॉझिट रोख देऊन एक चिठ्ठीही न मिळालेल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्याकडे दस्त नसेल, पण दर महिन्याला यूपीआयनं पाठवलेलं भाडं आणि मालकाचे मेसेज आहेत. ते जपून ठेवा, फोन बदलताना उडवू नका.

निघायचं ठरलं की नोटीस मालकालाही द्या, नुसती पार्टनरला नको. फोनवर बोललात तरी नंतर मेसेज करा, तारखेसकट. शेवटच्या दिवशी महावितरणच्या मीटरचा फोटो काढा. तुमच्या खोलीचे, बाथरूमचे, कपाटाच्या आतले फोटो काढा. मार्कशीट आणि मूळ कागदपत्रं मात्र सगळ्यांत आधी हलवा. भांडणाच्या घरात ती एक रात्रही ठेवू नका. बँक, आधार, पासपोर्ट, जिथे जिथे हा पत्ता दिलाय तिथे बदलून घ्या, नाहीतर टपाल त्याच दारात येत राहतं आणि मागायला कुणाकडे जायचं हा प्रश्न पडतो.

वर्गणी काढून घेतलेल्या वस्तूंवरून मी सर्वांत कडू भांडणं पाहिली. कुकर, कूलर, वॉशिंग मशीन. घेतलं त्या किमतीचा हट्ट धरू नका. आज जुन्या बाजारात त्याचे किती येतील ते बघा, जो ठेवणार त्यानं बाकीच्यांना त्यांचा वाटा द्यावा. गॅसचं कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, सिलेंडर त्याचा. आणि हा हिशेब तोंडी नको. एका कागदावर लिहा, चौघांनी सह्या करा, प्रत्येकानं फोटो काढून घ्या. बोलणं बंद असलं तरी एवढं होतं. मध्ये एखादा मित्र, एखादी ताई बसवा, दोन्ही बाजूंना चालेल अशी.

मालकांनाही एक विनंती. चौघांपैकी एक जण तुमच्याकडे आला तर ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून दार लावू नका. बदलीचा माणूस येणार असेल तर नवा करार करून घ्या. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी १००० रुपये, मुख्य सरकारी खर्च एवढाच आहे. पोलिसांना द्यायची भाडेकरूची माहितीही नव्यानं भरा. आणि वापरानं फिका पडलेला रंग, सैल झालेली कडी, यासाठी पोरांचं डिपॉझिट कापू नका. त्यातले पुष्कळ पैसे गावाकडून कुणाच्या तरी सोयाबीनच्या पट्टीतून आलेले असतात.

एवढं करूनही पैसे अडले, तर शिवाजीनगरला न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे सल्ला मिळतो. मुलींना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं ही सोय दिली आहे. जाता येत नसेल तर १५१०० या नंबरवर फोन करा. तो टोल फ्री आहे.

नवी रूम मिळाली की सामान लावायच्या आधी दोन गोष्टी करा. डिपॉझिटचा तुमचा वाटा तुमच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात पाठवा. आणि आमच्यातलं कुणी मशीन घेऊन ॲग्रीमेंट करायला आलं की स्पष्ट सांगा, ‘दादा, माझंही नाव घाला.’ साक्षीदार म्हणून नाही, भाडेकरू म्हणून. नमस्कार.