चावडीवरचा सल्ला

(दृश्य : पहाट. वारणा नदीचं खोरं. उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर काट्यासमोर रांगेत उभे.)

उसाला तुरा फुटायच्या आत तोड मिळाली पाहिजे. दिवाळी सरली की वारणेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या डोक्यात हेच घोळत असतं. आपल्या उसाची लागण कोणत्या तारखेला नोंदली गेली, टोळी कधी येणार, काट्यावर वजन किती भरलं, खताची उचल खात्यावर किती पडली? एवढं कळायला पूर्वी शेतकी ऑफिसात हेलपाटे घालावे लागत. उसाच्या चिठ्ठ्या देणारा चिटबॉय भेटला तर काम झालं, नाही तर दिवस वाया. सरकारच्या माहिती तंत्रज्ञानासाठी सल्लागार परिषद नेमायची झाली, तर तिच्यात कोण बसावं, या प्रश्नाची सुरुवात मी इथूनच करतो.

१९९८ साली या खोऱ्याकडे दिल्लीचं लक्ष वळलं. त्या वर्षी मे महिन्यात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. अध्यक्ष जसवंत सिंग. सहअध्यक्ष चंद्राबाबू नायडू आणि शास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन. जुलैत त्यांच्या १०८ शिफारशी तयार होत्या. सरकारी समित्यांची मुदतवाढ बघायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हा वेग आजही चकित करतो.

त्याच प्रयत्नांतून वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’, म्हणजे गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प आला. जागा विचारपूर्वक निवडली होती. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना, दूध संघ, बझार, शाळा-कॉलेजं, असं सगळं जाळं तिथे आधीपासून होतं. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं त्यात धरली. खर्चातला निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा समूहाचा.

(दृश्य : जुनं संगणक केंद्र. धूळ बसलेला जाडजूड मॉनिटर, शेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.)

गावोगाव संगणक केंद्रं उघडली. कागदावरचे बेत मोठे होते. बाजारभाव, पिकांवरच्या रोगांचा सल्ला, सरकारी योजना, शिक्षण, आरोग्य, सगळं या एका खोलीतून मिळणार होतं. पण गावकरी या खोलीत यायचे ते मुख्यतः उसासाठी. तोडीचा परवाना, वजनाची पावती, खात्यावरची बाकी. प्रिंटरची करकर थांबली की कागद फाडून घ्यायचा, नीट घडी घालून खिशात ठेवायचा आणि घरी जायचं.

यावरून प्रकल्प फसला असं ठरवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्याचा हेलपाटा वाचला, त्याच्यासाठी तो फसलेला नव्हता. फक्त गावाची गरज नेमकी कुठे आहे, हे खोल्या बांधून झाल्यावर कळलं.

पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक इथे आले. लोक या केंद्रात येऊन नेमकं काय करतात, ते त्यांनी आधी पाहिलं. मग सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस. संगणकावर होणारं उसाचं सगळं काम त्या एसएमएसवर होऊ लागलं. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही तेच जास्त आवडलं.

खरा सल्ला इथे मिळाला. तो देणारे बांधावर आणि केंद्राच्या बाकावर बसलेले होते.

(दृश्य : मुंबई. मंत्रालयाची इमारत, पायऱ्यांवर कागदांच्या पिशव्या घेतलेली माणसं.)

राज्य सरकारच्या माहिती तंत्रज्ञानाला दिशा देण्यासाठी सल्लागार परिषद नेमायची, असं म्हटलं की डोळ्यांसमोर ठरावीक चेहरे येतात. मोठ्या कंपनीचे प्रमुख, आयआयटीतले प्राध्यापक, निवृत्त सचिव. ही माणसं हवीतच. सर्व्हर किती क्षमतेचा घ्यावा, माहिती सुरक्षित कशी ठेवावी, ठेकेदाराशी करार करताना कोणत्या कलमावर अडून बसावं, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? पण सातबाऱ्यावर ‘पांडुरंग’चा ‘पांडूरंग’ झाला तर बँकेत काय होतं, हे त्यांच्यातल्या किती जणांनी भोगलेलं असतं?

महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. हाताने लिहिलेले हे उतारे संगणकात चढवताना चुका होणारच होत्या. कुठे वारसाचं नाव गळलं, कुठे आणेवारी, म्हणजे हिश्श्याचं प्रमाण, जुळेना, कुठे इतर हक्कातला बोजा फेडूनही तसाच राहिला. सर्व्हर संथ असायचा. नोंदी उरकायला तलाठी रात्री जागायचे, रेंज शोधत लॅपटॉप घेऊन फिरायचे.

मग २०१७ साली सरकारने एक गोष्ट केली, आणि ती मला फार मोलाची वाटते. चावडी वाचन. संगणकातले सातबारे गावात सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी चुका सांगायच्या. गावातल्या एखाद्या म्हातारीला अक्षर ओळखत नसेल, पण बांधाच्या पलीकडे कुणाचा हिस्सा आहे, हे तिला पाठ असतं. पुढच्या वर्षी, १ मे २०१८ रोजी, डिजिटल सहीचा सातबारा लोकांच्या हाती आला. तलाठ्याच्या दारात न थांबता. त्या सहीला वजन आलं, त्यात चावडीवर बोललेल्या माणसांचाही वाटा आहे.

म्हणून परिषदेत तलाठ्याला खुर्ची हवी. ‘आपले सरकार’ केंद्र चालवणाऱ्या पोरालाही हवी. कोणत्या पानावर अर्ज अडकतो आणि कोणता दाखला अपलोड होत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. पाहुणा म्हणून चहापुरतं बोलावून भागणार नाही, या दोघांनाही मत देता आलं पाहिजे.

(दृश्य : नकाशा. अमेरिकेचा पूर्व किनारा, व्हर्जिनिया राज्य.)

पुढचा प्रश्न अवघड आहे. दिलेला सल्ला ऐकायचा कोणी?

व्हर्जिनियात २००३ पासून राज्याच्या माहिती तंत्रज्ञानासाठी एक मंडळ होतं आणि त्याला खरे अधिकार होते. राज्याचा मुख्य माहिती अधिकारी नेमणं आणि काढणं त्याच्या हातात होतं. संगणक यंत्रणेचं काम एका मोठ्या कंपनीकडे दिलं होतं. त्या कामावरून आणि बिलांवरून वाद पेटला आणि जून २००९ मध्ये मंडळाने आपल्याच अधिकाऱ्याला काढून टाकलं. २०१० साली विधिमंडळाने ते मंडळ बरखास्त केलं. मुख्य अधिकारी सरकारच्या थेट हाताखाली आला आणि मंडळाच्या जागी आली सल्लागार परिषद. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माहिती साठवणारी यंत्रणा बंद पडली. २६ सरकारी खात्यांचं काम अडलं. वाहन परवाना काढायला आलेले लोक जवळजवळ आठवडाभर हात हलवत परत गेले.

यात नव्या परिषदेचा दोष नव्हता, ती तर नुकतीच जन्मली होती. पण अधिकार असलेलं मंडळ ठेवा की नुसता सल्ला देणारी परिषद, रांगेतल्या माणसाला एकच विचारायचं असतं : याचा जाब कोण देणार?

याचं उत्तर आपल्याच कायद्यात आहे, असं मला वाटतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार नागरिकाचा अर्ज फेटाळायचा असेल, तर अधिकाऱ्याला कारण लेखी द्यावं लागतं. हाच नियम सरकारने स्वतःला लावून घ्यावा. परिषदेची शिफारस मान्य नसेल तर नसो, सरकारने कारण लिहावं, ठरलेल्या दिवसांत लिहावं आणि ते सगळ्यांना वाचता येईल अशा मराठीत लिहावं. बैठकांचं इतिवृत्तही तसंच उघड असावं. कोणत्या कंपनीच्या माणसाने कोणत्या खरेदीच्या वेळी काय सल्ला दिला, हे लोकांना कळायला हवं. हितसंबंध असेल तर त्या विषयापुरतं त्याने बाहेर बसावं. आणि वर्षातून एक बैठक मुंबईबाहेर, एखाद्या गावच्या चावडीवर व्हावी. अजेंडा गावाने ठरवावा.

(दृश्य : पुन्हा कारखान्याचा काटा. दिवस वर आलाय.)

गाडी काट्यावर चढते. आकडे हलतात, स्थिरावतात. गाडीवान बैलांना हाकारतो. रांगेच्या कडेला उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खिशात फोन वाजतो. तो चष्मा लावतो आणि मेसेज वाचतो. तारीख, खेप, वजन. मग बोटावर हिशोब करत घराकडे चालू लागतो.